कच्चं गळू

माझ्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे, आणि मीही ते खरं धरून चालले होते. पुढचं सगळं त्या एका समजुतीतून झालं, म्हणून आधी तीच सांगते.

शहराला औरंगाबाद म्हणत तेव्हापासून मी इथल्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर होते. सर्जरीचा वॉर्ड, आणि त्यातही ड्रेसिंगची खोली. साखरेनं काळे पडलेले पाय, पाठीवरचे फोड, ऑपरेशननंतर उसवलेले टाके, वाळूजच्या कारखान्यात प्रेसखाली सापडलेलं बोट. जे कुणाला बघवत नाही ते माझ्या टेबलावर यायचं. माझं तोंड फटकळ होतं आणि हात मऊ. पेशंट येताना माझ्या तोंडाला घाबरायचा आणि जाताना हाताला दुवा देऊन जायचा. नवीन डॉक्टरांना जमेना की ते म्हणायचे, "सिस्टर, जरा तुम्ही बघता का?" मी बघायचे. कुठं पू साचलाय ते मला बोट लावताच कळायचं. कळलं की त्याला वाट करून द्यायची, जखम धुवायची, पट्टी बांधायची. आत काही साचू द्यायचं नाही, एवढाच आमच्या खोलीचा शहाणपणा होता.

हे मला नर्सिंगच्या शाळेत शिकवलं असं सगळ्यांना वाटायचं. खरं म्हणजे मी ते मेंढरांच्या मागं शिकले.

आम्ही धनगर. पैठणच्या रस्त्याला आमचं गाव. आप्पा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मेंढरं घेऊन हिंडले. मेंढराच्या जबड्याखाली, मानेला गळू येतं. ते वेळेवर फोडलं नाही तर जनावर खात नाही, वाळत जातं. गळू फोडण्यात आप्पाचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. दुसऱ्या कळपांचे लोकही मेंढरू खांद्यावर टाकून त्याच्याकडे यायचे. मी लहान असताना पाय धरून ठेवायचं काम माझं. आप्पा डोळे मिटून गळवावर अंगठा दाबायचा, जरा थांबायचा, सोडायचा, परत दाबायचा. मग म्हणायचा, "कच्चं हाय." आणि मेंढरू सोडून द्यायचा. आणणारा कितीही गयावया करू दे. "आप्पा, उद्या बाजार हाय, फोडून टाक की." आप्पा म्हणायचा, "बाजार तुझा हाय, जीव त्याचा हाय. कच्च्याला म्या हात लावणार नाय."

चार दिवसांनी परत अंगठा. पिकलं म्हणाला की मगच दाभण निघायचं. दाभण म्हणजे पोती शिवायची जाड सुई. ते चुलीतल्या निखाऱ्यावर लाल करायचं, निवलं की एका झटक्यात आत. मग हळद नि राख भरायची. त्याच्या हातून फुकट गेलेलं मेंढरू मला आठवत नाही. त्याचं ते दाभण कातडी पिशवीत, कमरेला असायचं. मी शिकून सिस्टर झाले तेव्हा आप्पा गावात सांगत सुटला, "पोरगी माझंच काम करती. पगार मातर तिला सरकार देतं." सरकार देत नव्हतं, दवाखान्याचा मालक देत होता, पण त्यानं काय फरक पडतो.

आई आधीच गेलेली. माझं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं, त्याबद्दल इथं लिहिण्यासारखं काही नाही. गारखेड्यात मी एकटीच राहायचे. धाकटा भाऊ वाळूजला एका कंपनीत लागला होता, तिथंच त्याचा संसार. आप्पा गावी, उरलेली पंधरा-वीस मेंढरं घेऊन.

एक दिवस आप्पा मेंढरांमागं चालता चालता खाली बसला आणि आडवा झाला. शुद्ध आली तेव्हा म्हणाला, डोळ्यापुढं अंधारी आली. आठवड्यात तीनदा तसंच झालं. भावानं जीपमध्ये घालून त्याला आमच्या दवाखान्यात आणलं. मी मनगटावर बोट ठेवलं. एक ठोका, आणि पुढचा येईल की नाही असं वाटावं इतक्या वेळानं दुसरा. वरच्या मजल्यावरच्या हार्टच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि सांगितलं, पेसमेकर बसवायला पाहिजे, आजच.

बसवला. डाव्या हसळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढी डबी आणि तिच्यातून हृदयात गेलेल्या दोन तारा. आप्पा तिला बॅटरी म्हणायचा. तिसऱ्या दिवशी नाडी घड्याळासारखी चालत होती आणि तो विचारत होता, "मेंढराला बसवत्यात का अशी?" डॉक्टर हसले. घरी सोडताना त्यांनी मला समोर उभं करून सांगितलं, "सिस्टर, तुम्हाला काय सांगायचं, पण सांगतो. तिथं सूज आली तर दाबायचं नाही, सुई घालायची नाही. सरळ वर माझ्याकडे आणायचं." मी म्हणाले, "मी आहे ना, सर." ते मी कसं म्हणाले, कुठल्या तोऱ्यात म्हणाले, ते मला आजही ऐकू येतं. तेच त्या सुट्टीच्या कागदावरही छापलेलं होतं. तो कागद मी न वाचता घडी घालून पर्समध्ये टाकला, कारण असे कागद मी रोज लोकांना वाचून दाखवायचे.

आप्पाला मी गारखेड्याला आणलं. पाचव्या दिवशी डबीवर सूज आली. टाक्यांच्या खाली, लिंबाएवढी, ताणलेली, जांभळट. आप्पा रक्त पातळ करायची गोळी घेत होता, तेव्हा आत रक्त साचलंय हे मला कळलं. पू नाही, हेही कळलं. मला कळलं नाही असं कुणी म्हणू नये. दुसऱ्या दिवशी ती वाढली. आप्पाला त्या कुशीवर होता येईना, हात हलवता येईना. कधी हू की चू न करणारा माणूस, पण पाणी मागताना त्याच्या कपाळाला आठ्या पडत होत्या.

दवाखाना रिक्षानं पंधरा मिनिटांवर होता. डॉक्टर शहरातच होते. मग मी का नेलं नाही? आधी मी सांगायचे, आप्पाला जिने चढवायचे नव्हते. मग सांगायचे, माझी ड्यूटी होती. ते सगळं खोटं. मला लाज वाटली, हे खरं. सर्जरीची एवढी जुनी सिस्टर, आणि बापाच्या साध्या सुजेसाठी वरच्या मजल्यावर पळत जाणार? त्या पोरसवदा डॉक्टरला काय विचारायचं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं माझं झालं होतं, फक्त बैलाच्या जागी बाप होता.

बुधवारची दुपार होती. कुठं काही अशुभ नव्हतं. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत चालला होता. मी दाराजवळ उजेडात खुर्ची ठेवली, आप्पाला बसवलं, वीस सीसीची सिरिंज उघडली, बेटाडिननं कातडी तीनदा पुसली. हातमोजे घातले. सगळं शिस्तीत केलं. आप्पा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "काय करती?"

"आतलं काढते. मोकळं वाटेल."

त्यानं उजव्या हाताचा अंगठा उचलला आणि स्वतःच्या सुजेवर अलगद ठेवला. जरा थांबला.

"पिकलंय का पर?"

"आप्पा, आमच्यात पिकायची वाट बघत नाहीत."

"मला तर कच्चं लागतंय."

"तुझं मेंढरांचं ज्ञान इथं नको पाजळू," मी म्हणाले. "बस गप."

तो हसला, आणि अंगठा काढून घेतला. लेकीच्या शिक्षणापुढं त्यानं आपला अंगठा काढून घेतला.

काळं रक्त आलं, पंधरा-सोळा सीसी. सूज बसली. आप्पानं मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "हातात जादू हाय बग तुझ्या." त्या दिवशी तो दुपारभर झोपला. मला इतका आनंद झाला की मी त्याच्यासाठी गव्हाची खीर केली. त्यानंतर चौथ्या दिवशी सूज परत भरली आणि मी परत काढली. त्या वेळी त्यानं काही विचारलं नाही.

ऑपरेशनच्या बाराव्या दिवशी टाके मीच काढले आणि वर फोन करून सांगितलं, सगळं छान आहे, सर, कशाला त्यांना हेलपाटा.

महिनाभर सगळं खरंच छान होतं. आप्पा गावी जायचं म्हणू लागला. मग डबीवरची कातडी लालसर झाली. मी म्हटलं, घामोळं असेल. मग ती गरम लागू लागली. मी स्वतःच्या मनानं गोळ्या सुरू केल्या, पाच दिवस, मग बदलून आणखी सात. लाली जरा उतरली की मी देवाला हात जोडायचे आणि परत चढली की दुसरी गोळी. तोपर्यंत मला कळून चुकलं होतं, पण कळणं वेगळं आणि पायरी चढून जाऊन सांगणं वेगळं. एका सकाळी आप्पाच्या बनियनला पिवळा डाग दिसला. टाक्यांची रेघ धड होती. तिच्यापासून दोन बोटं खाली, जिथं मी सुई घातली होती तिथं, मोहरीएवढं भोक पडलं होतं. मी जरा दाबलं आणि पुवाचा एक थेंब वर आला. दहा वाजता आप्पाला हुडहुडी भरली. घरातली दोन्ही घोंगडी घातली तरी त्याचे दात वाजत होते.

त्याला दवाखान्यात वरच्या मजल्यावर नेलं तेव्हा डॉक्टर राउंडवर होते. मागं नर्सिंगच्या पाच-सहा पोरी, त्यांना मीच शिकवायचे. मी युनिफॉर्मवर, हातात आप्पाची फाइल. डॉक्टरांनी पट्टी उचलली, बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"टाक्यातून फुटलं असतं तर मी समजलो असतो," ते म्हणाले. "टाके इथं आहेत आणि भोक इथं. हे कुणीतरी टोचलंय. कुणी टोचलं?"

पोरी माझ्याकडे बघत होत्या, कारण पेशंट माझा बाप होता. मी बोलणार होते का? बारा वर्षं मी स्वतःला हाच प्रश्न विचारत आले आणि बारा वर्षं उत्तर देत आले की हो, बोलणारच होते. आता तसं म्हणत नाही.

आप्पानं आधी माझ्या टोपीकडे बघितलं, मग हातातल्या फाइलकडे. मग डॉक्टरांना म्हणाला, "म्या टोचलं, सायेब. दाभणानं."

"दाभणानं?"

"व्हय. मेंढराचं फोडतो तसं. लई ठणकत हुतं."

एक पोरगी फसकन हसली. डॉक्टर ओरडले, "अहो आजोबा, तुम्ही काय मेंढी आहात का? एवढी शिकलेली मुलगी घरात, आणि दाभण?" आप्पा ओशाळल्यासारखं हसला. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा सिस्टर," आणि मी लिहिलं. रुग्णाने घरी स्वतः दाभण टोचले. माझ्या अक्षरात, खाली माझी सही.

ते गेल्यावर मी आप्पाच्या कानाशी वाकले. "खोटं का बोललास?"

"तुला रोज हितंच यायचंय," तो म्हणाला. "मला कुठं यायचंय?"

"मी उद्या सांगते त्यांना."

"गप. झालं ते झालं."

मला रडू आलं, हे खरं. पण त्याच्या आधी हायसं वाटलं, हेही खरं. तेवढं लिहिण्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले आहे.

डॉक्टरांनी भावाला आणि मला बसवून समजावलं. साधी जखम असती तर धुऊन, औषध देऊन बरी केली असती. पण आत बाहेरची वस्तू असली की जंतू तिला धरून बसतात, तारेवर शेवाळ धरतं तसे. औषध रक्तातून येतं, आणि डबीत नि तारेत रक्त नसतं. तेव्हा सगळं काढावं लागेल, डबी आणि दोन्ही तारा. हे मी पोरींना पुस्तकातून शिकवत होते. भावानं विचारलं, "मग हृदय कशावर चालणार?" डॉक्टर म्हणाले, मांडीतून तात्पुरती तार घालू, मशीन बाहेर पलंगाला टांगू, जंतू गेले की नवीन पेसमेकर उजव्या बाजूला. किती दिवस? ते म्हणाले, रक्त साफ होईपर्यंत.

आप्पाला त्या पलंगावर पाठीवर निजवलं आणि उजवा पाय हलवायचा नाही असं सांगितलं. तार जरा सरकली तर ठोके थांबतील. आयुष्यभर चाललेला माणूस. पैठणहून घाटापर्यंत आणि परत, वर्षाचे आठ महिने पायावर. त्याचा तो पाय आम्ही चादरीच्या पट्टीनं पलंगाला बांधला. ती गाठही मीच मारली, कारण दुसऱ्यांची सैल बसत होती. पलंगाच्या कठड्याला मशीन टांगलेलं, त्यावर एक बारका दिवा ठोक्यागणिक लुकलुकायचा. पहिले काही दिवस आप्पा त्या दिव्याकडे बघत पडायचा. डबीची जागा उघडीच ठेवली होती. ती मी रोज सकाळी धुवायचे, गॉज भरायचे. कुणी म्हणायचं, सिस्टर, तुम्ही नका करू, वडील आहेत. मी कुणाला करू देत नव्हते. आत मांस लाल दिसलं की मला आशा वाटायची, आणि दुपारी ताप आला की ती जायची.

दुसऱ्या आठवड्यात आप्पा भ्रमात बोलू लागला. मेंढरं कुठं बसवली, त्यांच्याभोवती जाळीची वाघूर ठोकली का, असलं काहीबाही. भाऊ कंपनीतून सुटला की थेट यायचा, त्याला आप्पा ओळखायचा नाही. मग आप्पाचा उजवा हात सुरू झाला. अंगठा चादरीवर दाबायचा, जरा थांबायचा, सोडायचा, परत दाबायचा. वॉर्डातल्या पोरींना वाटलं हात थरथरतोय. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. मी काही सांगितलं नाही. एकदा मी ड्रेसिंग करत असताना तो अंगठा माझ्या मनगटावर आला, दाबला, थांबला. आप्पा डोळे न उघडता म्हणाला, "कच्चं हाय." मी हातातलं काम पुरं केलं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी, पेशंटची अंगं पुसायची वेळ होती, तेव्हा आप्पा गेला. रक्तातले जंतू काही हटले नाहीत. शेवटी मशीन ठोके टाकत होतं आणि हृदय ते घेत नव्हतं. पडद्यावर उभ्या रेघा एकामागून एक येत होत्या, सरळ, बिनचूक. दिवा लुकलुकत होता. डॉक्टरांनी मान हलवली. बटण मीच बंद केलं.

तिसऱ्या दिवशी भाऊ नि मी पैठणला राख सोडायला गेलो. गावातून निघताना भावानं आप्पाची कातडी पिशवी बरोबर घेतली होती. राख सोडून झाल्यावर त्यानं पिशवीतून दाभण काढलं, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "ह्यानंच खाल्लं आप्पाला." आणि गोदावरीत फेकून दिलं, जितकं लांब जाईल तितकं. मी पायरीवर उभी होते. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

पुढं ती गोष्ट घरात रुजली. भावाची मुलं आजोबांना दाभणवाले आजोबा म्हणू लागली. लग्नकार्यात कुणी म्हातारा हट्टाला पेटला की लोक म्हणायचे, "याचं बी आप्पासारखं व्हायचं, दाभण लपवा रे." हसायचे. म्हाताऱ्या माणसाबद्दल प्रेमानंच हसायचे. मी हसत नव्हते, पण ताटावरून उठतही नव्हते. आणि दवाखान्यात तर मी स्वतःच ती सांगायचे. दरवर्षी नव्या पोरी आल्या, पेसमेकर, सांध्याची वाटी, हाडातली पट्टी असलेल्या जखमेचा धडा आला, की मी म्हणायचे, "एका पेशंटनं काय केलं माहितीये? दाभण टोचून घेतलं." पोरी तोंडावर हात ठेवायच्या. मी सांगायचे, म्हणून आत काही बसवलेलं असेल तर सुजेला हात लावायचा नाही. धडा खरा होता. तो शिकवताना मी दरवर्षी बापाला नव्यानं अडाणी ठरवत होते आणि त्यावर पगार घेत होते.

बारा वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात भाऊ मोटारसायकलवरून पडला. डाव्या हाताचं, कोपराखालचं हाड मोडलं. वाळूजकडच्याच एका दवाखान्यात हाडाला पट्टी आणि स्क्रू बसवले. आठव्या दिवशी तो सकाळचा माझ्या दारात. चहा ठेवते म्हटलं तर म्हणाला, "चहा ऱ्हाऊ दे आक्का, आधी हे बघ." बाही वर केली. टाक्यांच्या बाजूला सूज, ताणलेली, चकाकती.

"तेवढं काढून दे," तो म्हणाला. "तिकडं गेलं की अख्खा दिस जातो. तू हायस की घरची."

"नाही."

"का नाय? लोकांचं काढतीस."

"आत पट्टी आहे. आत्ता रिक्षा करू, दवाखान्यात जाऊ."

तो हसला. "आगं, मी काय आप्पा हाय व्हय, सोत्ताच दाभण मारून घ्यायला? तुझ्याकडंच आलो ना?"

मी गॅस बंद केला. खुर्ची दाराजवळच होती, तीच खुर्ची, फक्त वायर नवी विणलेली. मी त्याला तिच्यावर बसवलं आणि सांगितलं. दाभण नव्हतं. सिरिंज होती. दोनदा घातली. मी घातली. आप्पानं माझ्यासाठी आपल्या अंगावर घेतलं आणि मी तसंच लिहिलं.

भाऊ बराच वेळ सूज आलेला हात दुसऱ्या हातानं धरून बसला होता. माझी अपेक्षा होती तो ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला तवाच कोडं पडलं हुतं," तो म्हणाला. "मी बी पाय धरल्यात मेंढराचं. आप्पानं जन्मात कच्चं गळू फोडलं नाय. मग सोत्ताचंच कसं फोडलं? मी म्हणलं, म्हातारपणी डोकं फिरलं आसंल."

त्यानं माझ्याकडे बघितलं.

"तुला इचारलं नाय त्यानं?"

"विचारलं. पिकलंय का म्हणाला. कच्चं लागतंय म्हणाला."

"आन तू?"

"मी त्याला गप बस म्हणाले."

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "मी त्याचं दाभण पाण्यात टाकलं, आक्का."

त्यानं बाही खाली ओढली, एका हातानं, बटण लागेना तरी मला लावू दिलं नाही. रिक्षात आम्ही शेजारी बसलो. आमच्या दवाखान्यातले हाडाचे डॉक्टर वयानं लहान होते, मला नावानं ओळखत होते. त्यांनी सूज बघितली आणि नेहमीप्रमाणे, जसं विचारायला पाहिजे तसं, माझ्याकडे वळून विचारलं, "सिस्टर, घरी कुणी काही टोचलं-बिचलं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. त्या प्रश्नाला दवाखान्यात पहिल्यांदाच खरं उत्तर देत होते.

भावानं हात टेबलावर पुढं सरकवला. "डाक्टर, तुम्हीच नीट बघा," तो म्हणाला. "तिला इचारू नका."